मीठ आटत नाही

१४ जानेवारी

चि.

इथपर्यंत लिहिलं आणि पेन अडलं. पूर्वी पुढे 'सौ.' यायचं. आता कागदोपत्री तू माझी सून राहिली नाहीस, आणि 'महोदया' लिहायला तू काही विमा कंपनी नाहीस. तेव्हा नुसतं पोरी म्हणतो. चालवून घे.

पोरी, मी एक उद्योग करून बसलोय. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरनं दवाखाना बंद केला. पेशंटनी भीती विसरावी म्हणून त्यानं बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी ठेवली होती. ती मी उचलून आणली, म्हणजे चौघांनी उचलली आणि मी 'जपून, जपून' केलं. आता ती माझ्या कापड बेतायच्या टेबलावर बसलीय. जन्मभर त्या टेबलावर लोकांचे कोट बेतले. हल्ली कोट शिवून घेतो कोण, आणि या बोटांना सुई तरी कुठे धरवते. टेबलाला काहीतरी काम हवंच होतं.

मासे खाऱ्या पाण्यातलेच पाळायचे आहेत. तुझ्या मत्स्यालयात भिंगरी ज्या नारंगी पट्टेवाल्यांसमोरून हलत नाही, तेच. मागच्या गणपतीत तू तिला दोन तासांसाठी घेऊन आलीस ना, तेव्हा ती सगळं घर फिरली आणि म्हणाली, "अण्णा, तुमच्याकडे बघायला काहीच नाही." आठ वर्षांची नात, तोंडावर खरं बोलून गेली. तर आता बघायला काहीतरी असेल. शाळेच्या मोठ्या सुट्टीत तिला माझ्याकडे राहायला पाठव. या वयात मला दुसरं काही मागायचं नाही.

आमचे चिरंजीव तिकडे परगावी नोकरीत आहेत, त्यांना सुट्टी मिळत नाही, तेव्हा त्या बाजूनं निर्धास्त राहा.

टाकीत पाणी भरून दोन पुडे मीठ टाकलंय. चव घेऊन पाहिली, बरी वाटली. पुढे काय करू? फोन करू नकोस. फोनवर मी अर्धं विसरतो. पत्रानंच कळव.

तुझा,
अण्णा

२१ जानेवारी

ती. अण्णा,

नमस्कार तुम्हाला न लिहिताही पोचतो, तेव्हा कामाचं आधी.

ते सगळं पाणी ओतून द्या. स्वयंपाकाचं मीठ स्वयंपाकात राहू दे. समुद्राचं मीठ वेगळं मिळतं, त्यात बरंच काय काय असतं, ते इथून पाठवतेय. आणि दातांच्या डॉक्टरकडची टाकी, न घासता, त्यातलं पाणी चाखलंत? तुमच्यापुढे हात टेकले. टाकी साबण न लावता घासा. टेबलाचे पाय हलतात का ते बघा, भरलेली टाकी दोन-तीन माणसांएवढी जड होते.

मग पाणी, मीठ, खाली वाळू, आणि मी पाठवतेय ते सच्छिद्र दगड. पाणी गरम ठेवणारी कांडी आणि पाणी फिरवणारा पंप. एवढं झालं की थांबायचं. मासा लगेच सोडायचा नाही. माशाची घाण पचवणारे बारीक जीव त्या दगडांत आधी वाढावे लागतात, त्याला महिना-दीड महिना जातो. तोवर टाकीत फक्त दगड दिसतील.

आता भिंगरीचं. अण्णा, तुमच्याकडे पाठवायला माझी ना नाही. उलट ती कुठे सुखानं राहिली तर मी चार दिवस नुसती झोपेन. इथे दोन माणसं काम सोडून गेली, त्यांच्याही टाक्या माझ्याच गळ्यात आहेत. मिठानं हाताची कातडी फाटलीय. पण तुमच्या मुलाचं मला स्पष्ट हवंय. 'या रविवारी येतो' म्हणून तो सांगायचा आणि ही चांगला फ्रॉक घालून पायरीवर बसायची. अंधार पडला की आत यायची. किती रविवार ते मी मोजले नाहीत. मग एक दिवस तिनं फ्रॉक घालणं बंद केलं. पुन्हा तिला त्या पायरीवर बसवायची माझी तयारी नाही. तो तिथे नाही ना? मग विचार करते.

तुमची,
(काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा)

१६ फेब्रुवारी

पोरी,

सगळं तुझ्या पत्राबरहुकूम केलं. टेबलाखाली दोन जाड फळ्या ठोकून घेतल्या. आता महिना होत आला, मी रोज खुर्ची टाकून दगडांकडे बघतो आणि दगड माझ्याकडे. वरच्या मजल्यावरची बाई पीठ मागायला आली होती. "अण्णा, लोक मासे पाळतात, तुम्ही दगड पाळलेत?" म्हणाली. मी म्हटलं, कमी खातात.

पण परवापासून वेगळंच झालंय. वाळूवर, काचेवर, सगळीकडे तपकिरी थर आलाय, लोखंडाला गंज चढावा तसा. टाकी माझ्या हातानं बिघडली असं वाटून दोन दिवस जेवण गेलं नाही. एवढा उपद्व्याप करून पोर येईल आणि म्हणेल, अण्णा, हे काय गटार करून ठेवलंत? खरं सांग, ओतून टाकू का?

भिंगरीच्या येण्याचं तू अजून पक्कं लिहिलं नाहीस. मी विचारणार नव्हतो, पण विचारलं बघ.

घरात मी आणि दगड. बाकी ठीक.

तुझा,
अण्णा

२२ फेब्रुवारी

ती. अण्णा,

ओतू नका. तो थर नव्या टाकीत सगळ्यांकडे येतो आणि आपोआप जातो. टाकी चांगली चाललीय म्हणून आलाय. निवांत जेवा.

चमचाभर पाणी वाटीत काढून त्यात पाठवलेल्या औषधाचे थेंब टाका आणि रंग बघत जा. लागोपाठ आठवडाभर फिकट पिवळाच राहिला, हिरवा झाला नाही, तर मासे आणा. दोनच, लहान, त्याच नारंगी पट्टेवाल्यांतले. उतावीळपणा करू नका.

या पार्सलात काचेची तरंगती नळी आहे. पाणी जितकं खारट तितकी ती वर तरंगते. हिरव्या पट्ट्यात राहिली की झालं. टाकीतलं पाणी हळूहळू आटेल. आटतं ते पाणी, मीठ आटत नाही, ते टाकीतच राहतं. म्हणून वरून घालायचं ते साधं पाणी. तुमच्या खडूनं काचेवर रेघ मारा आणि सकाळी रेघेपर्यंत साधं पाणी घाला. मिठाचं पाणी बादलीत झाकून ठेवा, ते फक्त आठवड्याला थोडं पाणी बदलायला. या दोन गोष्टींची सरमिसळ नको, नवशिके हमखास इथेच फसतात.

भिंगरी येईल. सुट्टी लागली की मी आणून सोडते. तिला अजून सांगितलं नाही, आधी मासे टिकू देत. काल इथला मोठा पंप बंद पडला, सगळा दिवस गुडघाभर पाण्यात गेला. डोळे मिटताहेत, इथेच थांबते.

तुमची सूनच लिहिते, दुसरं काही सुचत नाही.

२० मार्च

पोरी,

'येईल' हा शब्द मी किती वेळा वाचला ते सांगत नाही, हसशील.

मासे आले! दोन. मोठी आहे ती भांडकुदळ, लहान आहे तो तिच्या मागे मागे. दगडाच्या एका कपारीवरून दोघांची दिवसभर धुसफूस चालते. वरची बाई आता पीठ न मागताही येते. भिंगरीसाठी टाकीसमोर बुटकं स्टूल ठेवलंय, त्यावर माझ्या हातानं गादी शिवली. टाके वाकडे आलेत, पण आले.

तुझ्या नळीचं मात्र मला समजत नाही. ती हिरवा पट्टा सोडून वर वर चाललीय. पाणी आटतंय म्हणावं तर आटतही नाही. मी सकाळी फिरायला जातो, येऊन बघतो तर पाणी बरोब्बर खडूच्या रेघेवर. आधी मी रोज तांब्याभर साधं पाणी घालायचो, आता लागतच नाही. झाकण चांगलं बसलं असणार म्हणून मी खूश होतो. नळी खराब आहे का?

विचारायचं आणखी एक. लहान कालपासून वर येऊन एकाच जागी राहतो. तोंड सारखं उघडतो आणि मिटतो. खात नाही. लवकर लिही.

तुझा,
अण्णा

२४ मार्च

अण्णा,

नळी चांगली आहे. टाकीतलं तांब्याभर पाणी काढा आणि तेवढंच साधं पाणी घाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, नळी हिरव्यात येईपर्यंत. एकदम बदलू नका, धक्क्यानं मरतील. हे आधी करा, मग पुढचं वाचा.

केलंत?

कांडी लावलेल्या टाकीतलं पाणी आटणारच, झाकण कसंही असो. तुमचं आटत नाही, आणि खारटपणा वाढतोय. याचा अर्थ एकच. आटलेली जागा कुणीतरी भरतंय, आणि झाकलेल्या बादलीतल्या मिठाच्या पाण्यानं भरतंय. आमच्याकडे एकदा दोन पाळ्यांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता अस्संच केलं होतं, म्हणून मला ओळखू आलं. तुम्ही फिरायला गेलात की भरतंय. वरची बाई तुम्ही नसताना आत येणार नाही. आणि दगड बादली उचलत नाहीत.

फोन करायला हात गेला होता. मग आठवलं, पहिल्याच पत्रात 'फोन करू नकोस' लिहिलंत. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाची लहर. फोनवर मागून आवाज आला असता, हो ना?

तो तिथे आहे. कधीपासून, ते लिहा. मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, अण्णा. माझ्या आईवडिलांनंतर मी ज्यांच्या शब्दावर डोळे मिटून विसंबले, ते तुम्ही होतात. आता मी नुसती दमलेली नाही, मला चीड आलीय. भिंगरी येणार नाही. बरं झालं तिला काही सांगितलं नव्हतं.

५ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी लहान मासा गेला. मोठी आहे. तू सांगितलंस तसं केलं, नळी हिरव्यात आलीय.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी उघडली आणि आत काही नव्हतं. तो ऑक्टोबरपासून इथे आहे. नोकरी गेली. एका बॅगेनिशी आला आणि आतल्या खोलीत जाऊन निजला, तो निजलाच. खिडकी उघडू देत नाही. जेवणाचं ताट मी दाराशी ठेवतो, तो कधी अर्धं खातो, कधी तसंच. डॉक्टरकडे चल म्हटलं की भिंतीकडे तोंड करतो. "तिला सांगू नका, मी असा आहे हे," एवढंच त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल झालो. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्यासाठी म्हणून नाही, तू पोरीला पाठवणार नाहीस या भीतीनं मीही गप्प बसलो. तिकडे पोर आणि इकडे पोरगा, दोघंही मला हवी होती.

पाणी तो घालतो हे मला खरंच माहीत नव्हतं. तुझं पत्र मी टेबलावर ठेवलं, ते त्यानं वाचलं. मग मी घरात असताना बाहेर आला. किती दिवसांनी उजेडात त्याचं तोंड बघितलं मी. म्हणाला, "अण्णा, पाणी कमी दिसायचं म्हणून मी घालत होतो. समुद्राचे मासे, म्हणून समुद्राचं पाणी." मग म्हणाला, "माझा हात लागला की असंच होतं." आणि आत जाऊन कडी लावली. तेव्हापासून टाकीकडे फिरकला नाही.

पोरी, तो रोज सकाळी त्या टाकीसाठी उठत होता. दुसऱ्या कशासाठीही उठत नव्हता. हे तुझ्या पत्रामुळेच मला कळलं.

तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण त्याला मी घराबाहेर काढणार नाही, ते माझ्यानं व्हायचं नाही. त्यापायी भिंगरी येणार नसेल तर तुला दोष देणार नाही. आता थकलो. कुणापासून काही लपवायचं त्राण राहिलं नाही.

अण्णा

३ मे

ती. अण्णा,

उशीर झाला. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कागद फाडला.

पहिल्या कागदावर नुसता राग होता. माझ्या घरात नऊ वर्षं राहिला, कधी पिण्याचं पाणी भरलं नाही त्या माणसानं. मी कामाची पाळी संपवून यायची, हात सोलवटलेले, आणि तो म्हणायचा, "तुझ्या माशांचं झालं का?" आणि आता रोज सकाळी उठून बादली उचलतो म्हणे. मला हसूही आलं आणि इतकं वाईट वाटलं की मी न्हाणीघरात नळ सोडून बसले. बाकीच्या कागदांवरचं सांगत नाही.

भिंगरीला सगळं सांगितलं. लपवाछपवीचं फळ तुमच्याकडे पाहिलंच. बाबा अण्णांकडे आहे, त्याला बरं नाही, त्याच्या हातून पाणी चुकलं आणि मासा मेला.  तिनं विचारलं, "मोठा मेला की लहान?" लहान, म्हटलं.

येत्या चौदा तारखेला, रविवारी, आम्ही सकाळच्या बसनं येतो आणि संध्याकाळच्या बसनं परत जातो. राहणार नाही. मी पूर्ण वेळ तिच्याजवळ असेन. सुट्टीचं आता विचारू नका. आणि त्याच्या वतीनं तिला कसलाही शब्द देऊ नका. समोर आला तर आला, नाही तर नाही. ती तुमची टाकी बघायला येतेय, एवढंच मी तिला कबूल केलंय.

सून

१६ मे

पोरी,

तुम्ही आलात, घर भरल्यासारखं झालं.  एवढी वाळलीस आणि पत्रात एका शब्दानं लिहिलं नाहीस. तूही लपवतेसच की.

तू काही विचारलं नाहीस, तरी सांगतो. त्यानं त्या दिवशी सकाळी उठून दाढी केली होती. धुतलेला सदरा घातला. मला म्हणाला, "मी येतो बाहेर." तुम्ही आलात तेव्हा तो आतच होता, दाराला लागून उभा. मी दोनदा जाऊन हळूच हाक मारली. आतून नुसता श्वास ऐकू आला. कडीपर्यंत हात गेला असेल, नसेल, देवाला माहीत. तुम्ही गेल्यावर दार उघडलं तर तो तिथेच जमिनीवर बसलेला. आणखी एक रविवार पोरीच्या वाट्याला आला बघ, आणि तोही माझ्या घरात. मला तुझ्याकडे तोंड वर करून बघवलं नाही.

भिंगरी मात्र गुणाची. खाली जमिनीवर बसून टाकीबद्दल किती बोलली! मी तुझ्यासमोर खुर्चीत, पाठ आतल्या खोलीकडे, आणि ही एवढ्या मोठ्यानं बोलतेय की वरच्या बाईला ऐकू जावं. "सुरुवातीला सगळ्यांचे मासे मरतात! आईच्या हातून तर कितीतरी मेले! तरी आईला कुणी काढून टाकलं नाही!" दोनदा तेच. मी म्हटलं, अगं, मी काही बहिरा झालो नाही. तर हसली आणि आणखी मोठ्यानं म्हणाली, "आता फक्त साधं पाणी घालायचं, मग काही होत नाही!" माझा जीव हळहळला असेल म्हणून माझी समजूत घालत होती बिचारी.

सुट्टीचं मी विचारत नाही. कबूल केलंय तसं.

तुझा,
अण्णा

२२ मे

ती. अण्णा,

ती तुमची समजूत घालत नव्हती.

तुमची दाराकडे पाठ होती. माझी आणि तिची नव्हती. आतल्या दाराखाली फट आहे, त्या फटीत त्याचे पाय दिसत होते. येऊन बसल्या बसल्या मी पाहिले आणि ठरवलं की तिला कळू द्यायचं नाही, म्हणून तिला टाकीकडे तोंड करून बसायला सांगितलं. ती माझ्या आधीच बघून बसली होती. मग जे काही बोलली ते सगळं त्या दारासाठी. कुठून शिकली माहीत नाही. मी तर शिकवलेलं नाही, मला स्वतःलाच ते जमलं नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून बराच वेळ बाहेर बघत होती. मला वाटलं आता रडेल. तर म्हणाली, "आई, बाबाच्या मोज्याला भोक पडलंय. अंगठा बाहेर आलाय."

मी म्हटलं, हं.

"अण्णांना शिवता येतं ना? मग त्यांना दिसलं कसं नाही?"

अण्णा, मी दमलेय. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवत बसायची ताकद माझ्यात उरली नाही. डॉक्टरकडे त्याला तुम्ही न्यायचंच, भिंतीकडे तोंड करो की छताकडे, त्यात माझी सूट नाही. तो बाहेर येईल असं मी धरून चालत नाही, आणि तिलाही तसं सांगितलेलं नाही. सुट्टी अजून उरलीय, पुढच्या आठवड्यात तिला राहायला आणून सोडते. तिचं तिनंच ठरवलंय, मी फक्त बसची तिकिटं काढली. म्हणते, दार बंद असलं तरी चालेल, तिला ऐकू जाईल एवढ्यानं बोलता येतं.

मोजा शिवून ठेवा. टाके वाकडे आले तरी चालतील.

सून